सत्यशीलेचं बॅरल

बानाबाईला धाकट्या जावेचं काय काय खुपायचं हे विचारण्यापेक्षा काय खुपायचं नाही ते विचारलेलं बरं. सत्यशीलेचा सिमेंटचा ओटा खुपायचा, पायातली घरात घालायची वेगळी चप्पल खुपायची, भर दुपारी खुर्चीत बसून ती चहा प्यायची ते तर फारच खुपायचं. पण या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त खुपत होतं ते गॅरेजमागचं काळं बॅरल. लोक दुसऱ्याच्या दागिन्यांवर जळतात, बागायतीवर जळतात. बानाबाई गाड्यांतून काढलेल्या जळक्या ऑइलच्या बॅरलवर जळत होती.

फुलंब्रीच्या अलीकडे डांबरी रस्त्याला लागून दोघा भावांचं रान. थोरल्या मुंजाबानं बापाची मेंढरं सांभाळली. धाकट्या हनुमानानं मेंढरांना लांबूनच हात जोडले, संभाजीनगरात राहून गाड्यांचं काम शिकला आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याचं गॅरेज टाकून बसला. रानाची वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, विहीर तेवढी सामाईक राहिली. गॅरेज वरच्या अंगाला, विहीर खालच्या अंगाला, आणि मधून जुना कोरडा पाट. चैत्रात आसपासच्या विहिरी तळ दाखवत होत्या, तरी या विहिरीत दोन्ही घरांना आणि मेंढरांना पुरेल एवढं पाणी होतं.

पूर्वी गॅरेजचं जळकं ऑइल मागच्या खड्ड्यात ओतलं जायचं, नाहीतर मागेल त्याला दिलं जायचं. कुणी दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून न्यायचं, कुणी बैलगाडीच्या आसाला. मुंजाबा दर कातरणीनंतर डबा भरून न्यायचा आणि खरूज झालेल्या मेंढरांना चोपडायचा. त्याचा बापही तसंच करायचा. मग शहरात गॅरेजवाल्यांची एक बैठक झाली. हनुमान बायकोला घेऊन गेला. तो तिथं डुलक्या काढत बसला आणि सत्यशीला कान देऊन ऐकत बसली. परत आल्यावर खड्डा बुजला. लोखंडी घोडीवर आडवं बॅरल आलं, त्याला खाली कॉक आला, कॉकखाली गळतीसाठी पत्र्याचा ट्रे आला. बॅरल भरत आलं की शहरातून टेम्पो यायचा आणि ते ऑइल पुन्हा साफ करायला कारखान्यात घेऊन जायचा. बॅरलचा सगळा जिम्मा सत्यशीलेकडे.

त्या दिवशी बानाबाई मेंढरं पाण्यावर घेऊन निघाली होती. गॅरेजसमोर रामकिसन पाटलांचा ट्रॅक्टर उभा होता. पाटील म्हणजे पलीकडच्या शिवारातले बडे बागायतदार. त्यांच्या हातात कॅन होता.

"ताई, ट्रॅक्टरचं ऑइल बदललं. तुमच्याकडं जमा करावं म्हणलं," पाटील म्हणाले.

"पाणी-बिणी नाय ना मिसळलं, आबा? डिझेल?" सत्यशीलेनं कॅनचं झाकण उघडून आत बघितलं. "मिसळलं की कारखानावाले घेत नाय बरं का."

"नाय नाय. तुम्ही सांगितलेलं ध्यानात हाय."

पाटलांसारखा माणूस कॅन धरून उभा, आणि सत्यशीला त्यांना धडा विचारत होती! तेवढ्यात पाटलांचं लक्ष मेंढरांकडे गेलं आणि आवाज बदलला.

"ए मुंजाबाची बायको, आवर गं ती मेंढरं. गाडीला घासू लागलीत."

बानाबाईनं काठी आपटली आणि मेंढरं खाली वळवली. एकाच घराण्यात दिलेल्या दोघी सुना. एक ताई आणि एकीला नावसुद्धा नाही. तिला दुसरं काही नको होतं, अगदी खरं सांगायचं तर ओटाही नको होता. चार माणसांत कुणीतरी एकदा बानाबाई म्हणावं, आणि ते सत्यशीलेनं ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

*

कातरणी झाली. मुंजाबानं दोन दिवस मांडी घालून, मेंढरांचे पाय बांधून, कातरीनं लोकर उतरवली. त्याच्या बोटांना फोड आले, कंबर धरली. लोकर पोत्यांत भरून ओसरीला रचली. ती पोती तशीच राहणार हे दोघांनाही माहीत होतं, आता या काळ्या राठ लोकरीला विचारतं कोण? कोकरांची पहिली लोकर मात्र बानाबाईनं वेगळी काढली. तिला जावळ म्हणतात. ती मऊ असते, अंगाला टोचत नाही. लेक ज्ञानेश्वरी पहिलटकरीण होती. पहिल्या नातवंडाला आजीनं जावळाची घोंगडी द्यायची, असा त्यांच्यात रिवाज. बानाबाईनं तीन वर्षांची जावळ साठवली होती. तिनं ती निवडून, काटे काढून, धुऊन, एका जुन्या नऊवारीत बांधून ठेवली.

लोकर उतरल्यावर मेंढरांची कातडी उघडी पडली आणि खरूज दिसली. पाठीवर, शेपटीच्या बुडाशी खपल्याच खपल्या. मेंढरं बाभळीला अंग घासून रक्त काढत होती.

मुंजाबा डबा घेऊन गॅरेजला गेला. बानाबाई मागून गेली. हनुमान एका जीपखाली उताणा पडून काम करत होता, दोन गिऱ्हाईकं बाकड्यावर बसली होती.

"हनम्या, डबाभर जळकं दे," मुंजाबा म्हणाला. "लई खरूज झाली."

हनुमान खालूनच बोलला. "दादा, ते नगं लावू. ढोराच्या डॉक्टरला बोलव, सुई देतो तो. गेल्या साली तुझा मेंढा चाटून चाटून मेला."

"पोटफुगीनं मेला तो."

"पोट फुगलं कामून मग?"

बाकड्यावरची गिऱ्हाईकं हसली. मुंजाबा डब्याची कडी उगाच खालीवर करत उभा राहिला. मग सत्यशीला आतून आली आणि तिनं अगदी गोड आवाजात सांगितलं, "भावजी, आमी कुणालाच देत नाय आता. त्यात लोखंडाचा कीस असतो, काय काय जळलेलं असतं. मेंढराच्या अंगावरून पावसानं धुतलं की शेवटी पाण्यातच जातं. एवढुशा तेलानं लई पाणी नासतं. आपलीच विहीर हाय ना?"

"आमाला ठाव नाय व्हय विहीर आपली हाय?" बानाबाई म्हणाली. "टेम्पोवाला परका. त्याला बॅरलच्या बॅरल देता, आन सख्ख्या भावाला डबाभर जड जातंय!"

"बाई, तसं नाय हो..."

"कसं हाय ते दिसू लागलं की."

मुंजाबा रिकामा डबा घेऊन परत फिरला. घरी आल्यावर डबा कोपऱ्यात फेकला, बिडी पेटवली आणि म्हणाला, "उद्या बोलवतो डॉक्टरला." त्याचं तिथं संपलं. पुरुषांचं असं पटकन संपतं. बानाबाईचं संपलं नाही. तिला ऑइलची गरज होती त्याहून जास्त त्या गोड आवाजाचा राग आला होता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी हनुमान सामान आणायला फुलंब्रीला गेला. गॅरेजचं अर्धं शटर खाली होतं. सत्यशीला घरात पोळ्या लाटत होती, लाटण्याचा आवाज बाहेर येत होता. ऊन असं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. पश्चिमेला मात्र ढग चढत होते. अवकाळीचं गावात रोजच कुणी ना कुणी बोलत होतं.

बानाबाई मेंढरं बाभळीखाली सोडून डबा घेऊन गॅरेजमागे आली. आपण चोरी करतोय असं तिला वाटलं नाही. हक्काचं घेतोय असं वाटलं, फक्त कुणी बघू नये एवढंच. कॉकखाली ट्रे होता, त्यामुळे डबा बसेना. तिनं ट्रे पायानं बाजूला सारला, डबा ठेवला आणि कॉक फिरवला. काळी धार पडली. उन्हानं ऑइल पातळ आणि कोमट झालेलं. डबा अर्धा भरला असेल नसेल तोच रस्त्यावर मोटारसायकल थांबली. कुणीतरी हाक मारली, "हनुमानभाऊ, हाय का?"

बानाबाईनं घाईनं कॉक फिरवला. हात तेलानं निसटला. धार थांबल्यासारखी दिसली. तिनं डबा पदराआड घेतला आणि पाटाच्या कडेनं, वाकून, जवळजवळ पळतच बाभळीखाली आली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. सत्यशीलेच्या बॅरलमधून तिच्या नाकावर टिच्चून आणलं होतं.

तिनं चिंधी बुडवून पहिली मेंढी चोपडली, मग दुसरी. तिसरीनं अंग झाडलं आणि बानाबाईच्या तोंडावर काळे थेंब उडाले. ते पुसता पुसता तिच्या डोळ्यांसमोर जावेचा चेहराच होता. कळायला हवं होतं एकदा तिला, पण कळायलाही नको होतं.

वारा सुटला. मेंढरं आपणहून पाण्याकडे निघाली, पाटातून, नेहमीच्या वाटेनं. बानाबाई डबा झुडपात ढकलून मागून चालू लागली. थोडं पुढं गेल्यावर पहिल्या मेंढरांचे खूर तिला काळे दिसले. मग तिला पाट दिसला. वरून एक काळी, चकाकणारी पट्टी पाटातून सरकत खाली येत होती. घाई नाही, आवाज नाही. विहिरीचा कठडा त्याच बाजूला फुटलेला होता.

वर सत्यशीला ओरडत होती. "बाई! ओ बाई! धावा वो! समदं बॅरल सांडलं!"

बानाबाईला आजवर एवढ्या लवकर काही कळलं नव्हतं. कॉक अर्धवट राहिला. ट्रे बाजूलाच राहिला. तिनं मेंढरं बाजूला हाकलली आणि वर धावली.

सत्यशीलेनं कॉक बंद केला होता, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ती फावड्यानं माती ओढत होती. चैत्रातली मुरमाड जमीन, फावडं लागतं कुठं? कानाला मोबाईल खांद्यानं दाबलेला, त्यातून हनुमान ओरडत होता.

"पाणी टाकू नका! आडवी माती घाला! भुसा टाका भुसा!"

"भुसा सरला ना! गेल्या आठवड्यात सांगितलं व्हतं तुमाला!"

मुंजाबाही शेताकडून पळत आला, तोंडात बिडी. सत्यशीला त्याच्या अंगावर खेकसली, "भावजी, बिडी विझवा आधी!" जन्मात ती थोरल्या दिराशी अशा आवाजात बोलली नव्हती. मुंजाबानं मुकाट बिडी थुंकून पायाखाली रगडली आणि कुदळ उचलली.

तेवढ्यात टपोरे थेंब पडू लागले. तिघांनी एकदम वर बघितलं, मग एकदम विहिरीकडे. पाटाला पाणी लागलं की मातीचा बांध टिकणार नव्हता, आणि सगळं तेल पाण्यावर बसून विहिरीत उतरणार होतं. मेंढरांचं पाणी गेलं तर अख्खा उन्हाळा उघड्यावर. हे आपण केलं, हे बानाबाईला त्या वेळी अगदी स्वच्छ दिसलं.

ती घराकडे पळाली आणि ओसरीवरचं लोकरीचं पोतं ओढत आणलं. विचार करून नाही. भुसा नव्हता, हाताला जे लागलं ते आणलं. पोतं पाटात उपडं केलं. काळी राठ लोकर तेलावर पडली आणि बघता बघता तेल पिऊ लागली. पावसाचं पाणी खालून वाट काढून जात होतं, तेल लोकरीतच राहत होतं.

"आणा वो बाई, आजून आणा!" सत्यशीला किंचाळली.

मुंजाबानं दोन पोती आणली, बानाबाईनं एक ओढलं. सत्यशीला गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी लोकर पसरायची, जड झाली की उचलून घमेल्यात टाकायची. तिची ती चांगली साडी गुडघ्यापासून खाली ओळखू येत नव्हती. पाऊस वाढला. मुंजाबा आडवे दगड लावत खाली सरकत होता. पोती संपली. फुटक्या कठड्याच्या तोंडाशी अजून एक काळी जीभ पुढे सरकत होती.

"संपली?" सत्यशीलेनं विचारलं.

बानाबाईनं घराकडे बघितलं. मग घरात गेली आणि नऊवारीतलं गाठोडं घेऊन आली. गाठ सुटेना, तिनं दातांनी ओढली. पांढुरकी, मऊ, धुतलेली जावळ तिनं मुठीमुठीनं कठड्याच्या भगदाडात कोंबली. शेवटी ती नऊवारीही कोंबली. तेल तिथं अडलं. तिनं पालथं पडून विहिरीत बघितलं. पाण्यावर पावसाचे थेंब नाचत होते, बाकी काही नव्हतं. तिला रडू फुटलं. पाऊस होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

*

पाऊस आला तसा गेला. माणसं जमली. रामकिसन पाटील छत्री घेऊन आले. तेलकट लोकर आणि खरडलेली माती वाळल्यावर पेटवून देऊ, असं कुणीतरी म्हणालं. सत्यशीला दमलेल्या आवाजात म्हणाली, "नाय, पेटवायचं नाय. त्याचा धूरबी वाईटच. पोत्यांत बांधून ठेवा, टेम्पोवाल्याला विचारून त्याच्याकडंच देऊ." तिचं कुणी नीट ऐकलंही नाही.

कारण हनुमान आला होता. त्यानं आधी विहीर बघितली, मग बॅरलकडे गेला, मग बाजूला सरकवलेला ट्रे बघितला. आणि सगळ्यांसमोर बायकोवर सुटला.

"ट्रे कुणी काढला? आं? कॉक नीट बंद करता येत नाय आन लोकांना अक्कल शिकवती! बैठकीत पुढं पुढं करायला पाहिजे, फोटोत यायला पाहिजे! आज वहिनी नसती तर गावाला तोंड दाखवायला जागा नव्हती!"

सत्यशीला हाताचं तेल साडीला पुसत राहिली. सकाळी बॅरलमध्ये ऑइल ओतताना ट्रे आपणच सरकवला की काय, हे ती मनात शोधत असावी. हाताचं तेल साडीला पुसत राहिली.

"खरं हाय," रामकिसन पाटील म्हणाले आणि पुढे आले. "बानाबाई, तुम्ही आज कमाल केली. लोकरीचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं. नातवाची जावळसुद्धा घातली म्हणतात! असं मन पाहिजे. काय मंडळी?"

बानाबाई. तुम्ही. चार माणसांत. सत्यशीलेच्या देखत. बानाबाईला अंगावर कुणीतरी गरम पाणी ओतावं तसं सुख वाटलं. लपवून कशाला ठेवायचं, वाटलं. जावेची खाली गेलेली मान तिनं बघितली आणि अजून थोडं बघितली. किती वर्षं हीच मान बघायची होती. मग त्या मानेवरून तेलाचा ओघळ पदरात शिरताना दिसला आणि सुख अर्ध्यातच आंबलं.

धुण्याच्या दगडावर दोघीच उरल्या. बानाबाईनं घरातून ज्वारीचं पीठ आणलं. कोरडं पीठ चोळलं की तेल सुटतं. दोघी हात चोळत होत्या, पिठाचे काळे गोळे पडत होते.

"सत्यशीले," बानाबाई म्हणाली.

"काय?"

"कॉक म्या उघडला व्हता."

सत्यशीलेचे हात थांबले नाहीत.

"दुपारी आले. डबा भराया. ट्रेबी म्याच सारला. कुणीतरी आलं म्हून पळाले. बंद झाला नाय नीट."

आता सत्यशीलेनं वर बघितलं. डोळे लाल, नाकाला पीठ. ती जावेच्या तोंडाकडे बघून हसली. चांगलं हसू नव्हतं ते.

"बाई, पुरं करा."

"आगं खरं सांगू लागले. मेंढरं बघ, चोपडलीत म्या."

"मेंढरं पाटातून गेली. समदीच भरलीत तेलानं."

"डबा हाय माझा झुडपात..."

"डबे काय, आमीच देत व्हतो की दर साली." सत्यशीला उठली. आवाज फाटला. "विहीर तुम्ही वाचवली. लेकीची जावळ तुम्ही घातली. आबा तुम्हाला तुम्ही म्हणाले, माझा नवरा तुमच्या पाया पडायचा बाकी राहिला. आता माझी चूक बी तुम्हीच आंगावर घेणार? लोक म्हणतील, बघा, जावेला वाचवायला खोटं बोलली, केवढं मन! मला काहीतरी ठेवा की वो, बाई. चूक तरी माझी मला ठेवा."

"सत्यशीले, तुझ्या गळ्याची आन..."

"माझ्या गळ्याची नगा घेऊ."

वरून हनुमानानं हाक मारली, "वहिनी, या इकडं! आबांना फोटो घ्यायचाय!"

बानाबाई हलली नाही. माणसंच खाली आली. कुणी तिला दंडाला धरून विहिरीच्या कठड्यापाशी उभं केलं. मुंजाबाला एका बाजूला केलं, हनुमान दुसऱ्या बाजूला आला. रामकिसन पाटलांनाही फोटोत यायचं होतं. मग फोटो घ्यायला कुणी उरेना, तेव्हा पाटलांनी आपला मोबाईल सत्यशीलेकडे दिला.

"ताई, तुम्ही घ्या जरा."

सत्यशीलेनं हात पदराला पुसून मोबाईल धरला. बानाबाई तिच्याकडे बघत होती. काही बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

"बाई, बोलू नगा," सत्यशीला म्हणाली. "हसा."